एसीचा गॅस दरवर्षी संपतो कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

फेब्रुवारी सरत आला की एसीच्या प्रश्नांची रांग लागते. सगळे छापणं शक्य नाही, त्यामुळं जे पुन्हा पुन्हा विचारले गेले तेवढेच घेतलेत.

प्रश्न (परभणी): दादा, दीड टनचा स्प्लिट एसी आहे. दर मार्चमध्ये मेकॅनिक येतो, धुतो आणि म्हणतो गॅस कमी झालाय, भरावा लागेल. दरवर्षी अडीच-तीन हजार जातात. गॅस खरंच एवढा लागतो का?

उत्तर: नाही लागत ताई. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, तोच गॅस कॉम्प्रेसर, आउटडोअरची कॉईल, इनडोअरची कॉईल आणि मधल्या तांब्याच्या नळ्या यातून फिरत राहतो, सगळं बंद असतं. फ्रीजमध्ये पण गॅसच असतो की, तो कधी दरवर्षी भरून घेतला का? मग एसीचाच कसा काय संपतो. खरंच कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक तसाच ठेवून वरून गॅस भरला तर पुढच्या मार्चला पुन्हा तेच होणार, पैसे तुमचेच जाणार.

म्हणून यावेळी मेकॅनिकला स्पष्ट सांगा की आधी लीक दाखव. आउटडोअरला जिथं तांब्याच्या नळ्या नटनं जोडलेल्या असतात तिथं तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का ते बघा, लीक बहुतेक तिथंच सापडतो. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात, तुम्हाला सोत्ताच्या डोळ्यानं दिसतं. लीक बंद केल्यावर पंप लावून व्हॅक्यूम करायचा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरायचा, किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. नुसता गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावून "झालं काका" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गॅस कोणता तेही त्याच पट्टीवर असतं, आर-32 असेल तर तो पेट घेऊ शकतो, शिकाऊ पोराला त्याच्याशी खेळू देऊ नका.

आता थंड का होत नाही, तर दहातल्या बऱ्याच केसमध्ये कारण धूळ असतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची, गावाकडंच नाही तर शहराच्या कडेच्या कॉलन्यांत पण ते भुसकट उडत येतं आणि आउटडोअरच्या मागच्या पत्र्यांच्या जाळीत जाऊन बसतं. आउटडोअरचं कामच घरातली उष्णता बाहेर फेकायचं, आणि मे महिन्यात बाहेर 43-44 असतंय, त्यात जाळी बुजलेली, मग तो बिचारा टाकणार कुठं? कॉम्प्रेसर तापतो, ट्रिप होतो, आणि मेकॅनिकला वाटतं गॅस. म्हणून हरभरा निघाला की मगच मोठी सर्व्हिसिंग करून घ्या, त्याआधी केलेली वाया जाते.

प्रश्न (नांदेड): इनडोअरवर बर्फ जमतो, मग पाणी भिंतीवरून गळतं. काय करू?

उत्तर: आधी एसी बंद करून नुसता फॅन मोडवर ठेवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, चाकूबिकूनं खरवडू नका, कॉईल फुटली तर खर्च मोठा. मग फिल्टर काढा. फिल्टर उजेडाकडं धरून बघितला आणि पलीकडचं दिसत नसलं तर कारण तिथंच आहे, हवा कमी जाते म्हणून कॉईल गोठते. साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, उन्हात ठेवला तर प्लास्टिक वाकडं होतं. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी हे करायचं, पाच मिनिटांचं काम आहे, घरातलं कुणीपण करू शकतं. फिल्टर चकाचक असूनही बर्फ येत असेल तर मात्र गॅस लीकचा संशय घ्या. पाणी गळणं वेगळं, ड्रेन पाईपमध्ये शेवाळ साचलं की पाणी उलटं येतं, पाईपला उतार नीट आहे का तेही बघून घ्या.

प्रश्न (जालना): आउटडोअर घरीच बोअरच्या पाण्यानं धुतला तर चालतो का?

उत्तर: मेन स्विच बंद करून हलक्या धारेनं धुतला तर चालतो, वायरिंगच्या झाकणाकडं पाणी मारू नका. पण बोअरचं पाणी जड असेल तर क्षार पत्र्यांवर बसतात, पांढरा थर दिसतो, म्हणून शेवटी गोड्या पाण्याची एक बादली फिरवा. आणि उन्हाळ्यात थंडाव्यासाठी रोज आउटडोअरवर पाणी शिंपडायची जी सवय काही घरात आहे ती बंद करा, थर त्यानंच जास्त चढतो. सावली करायची तर वरून पत्रा टाका, पण समोरून गरम हवा जायला जागा मोकळी पाहिजे.

प्रश्न (लातूर): एसीचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकलं तर चालेल का? वाया घालवायला जीव होत नाही.

उत्तर: तुमचा जीव का होत नाही ते मला कळतं, 2016 ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे तुमचं. पण बॅटरीत नका टाकू, ते पाणी कॉईलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं, बॅटरी खराब होते. झाडांना, फरशी पुसायला खुशाल वापरा. मे मध्ये पाणी कमी आलं तर घाबरू नका, आपल्याकडं हवाच कोरडी असते, पावसाळ्यात बघा बादली भरते.

प्रश्न (बीड): थंडीत एसी बंद ठेवतो, काय काळजी घ्यायची?

उत्तर: बंद करायच्या दिवशी अर्धा-एक तास नुसता फॅन चालवा, कॉईल वाळते, पुढच्या वेळी आंबूस वास येत नाही. रिमोटचे सेल काढून ठेवा. आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदरं वायरी कुरतडतात, नुसतं वरून झाकलं तरी पुरे. मार्चमध्ये चालू करायच्या आधी आत पारव्याचं घरटं नाही ना ते टॉर्च मारून बघा.