'पुंजचैतन्य' म्हणावं का? शुद्ध, भान आणि जाणीव

इंदिरानगर, नाशिकहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्या भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत. घराजवळच्या वाचनकट्ट्यावर मेंदू आणि क्वांटम भौतिकी या विषयावर त्या बोलणार आहेत. त्या लिहितात: "पत्रकावर 'पुंजचैतन्याचा सिद्धांत' असं छापायचं ठरतंय. मुलीला 'चेतना' बरं वाटतं, यजमान 'जाणीव' म्हणतात. कॉन्शसनेसला नेमका शब्द कोणता? आणि 'पुंजचैतन्य' हा समास चालेल का?"

ताई, पत्रक अजून छापखान्यात गेलं नसेल तर 'पुंजचैतन्य' (पुंज म्हणजे क्वांटम) तेवढं काढा आणि यजमानांचं ऐका. पण 'जाणीव' हा शब्दही भाषणभर एकटा पुरणार नाही. कुठे 'शुद्ध' म्हणायचं आणि कुठे 'जाणीव', हे ठरवताना, जाणिवेचं मूळ क्वांटम भौतिकीत शोधणाऱ्या या सिद्धांताचं मर्मच हाती लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी भूल उतरत होती. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शुद्धीवर आलात का?" तिनं मान हलवली, हात वर कर म्हटल्यावर हातही वर केला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अरे, शुद्ध आली होती, पण भान काही नव्हतं. कोण बोलतंय, मी कुठे आहे, काही कळत नव्हतं." मावशी सातवीपर्यंत शिकलेली. पण इंग्रजीत एका शब्दाखाली झाकून जातो तो फरक तिनं दोन शब्दांत उघडा करून ठेवला.

'शुद्ध' बाहेरून तपासता येते. हाक मारली तर ओ येते का, चिमटा काढला तर हात मागे जातो का, हे पाहायचं. ती हरपते, जाते, येते. 'भान' हे प्रसंगाचं, वेळेचं, देहाचं. मूळ धातू 'भा', म्हणजे प्रकाशणं, दिसू लागणं. कीर्तनात रंगलेला माणूस देहभान विसरतो, पण त्याला कुणी बेशुद्ध म्हणत नाही. आणि 'जाणीव' त्याहून आतली. व्याकरण पाहा: 'मी जाणतो' यात कर्ता मी आहे, पण 'मला जाणीव होते' यात मी चतुर्थीत जाऊन बसतो. 'मला थंडी वाजते', 'मला भूक लागते' यांच्या रांगेतलीच ही रचना. काहीतरी घडतं आणि ते 'मला' घडतं. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानं १९९५ मध्ये ज्याला कठीण प्रश्न म्हटलं, तो हाच: मेंदूतल्या पेशींच्या सगळ्या हालचाली समजावून सांगितल्या, तरी त्या कुणाला तरी अनुभव म्हणून का जाणवाव्यात? हा 'कुणाला तरी' मराठीनं आपल्या विभक्तीत जपला आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

आता सिद्धांताकडे. रॉजर पेनरोझ हे गणिती भौतिकशास्त्रज्ञ. तर्कशास्त्रज्ञ गोडेलनं १९३१ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा (ठरावीक नियमांच्या गणितात त्या नियमांनी सिद्ध न होणारी सत्यं उरतातच) आधार घेऊन १९८९ मध्ये त्यांनी मांडलं, की माणसाचं समजणं निव्वळ आकडेमोडीत बसत नाही, त्यामागे वेगळं भौतिक कारण हवं. ते त्यांना क्वांटम पातळीवर, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या जगात दिसलं. पण मेंदूत ते नेमकं कुठे घडत असेल? ही जागा सुचवली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी: चेतापेशींच्या आतल्या सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या या नळ्या, व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटर धरली, तर आडव्या ओळीत अशा तीन हजारांवर नळ्या बसतील. त्यांच्यात अनेक शक्यता एकाच वेळी नांदतात, ठरावीक मर्यादेला पोचल्या की आपसूक त्यांतली एक पक्की होते, आणि तो क्षण म्हणजे जाणिवेचा क्षण, अशी ही कल्पना. (पेनरोझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी. पत्रकावर 'नोबेलविजेता सिद्धांत' असं काही येऊ देऊ नका.)

हॅमरॉफ यांचा पेशा कोणता? ते भूलतज्ज्ञ! मराठीत भूल पडते, भूल घालतात आणि दवाखान्यात ती देतातही. भुलीनं माणसातलं नेमकं काय विझतं, या रोजच्या कामातून त्यांचं कुतूहल वाढलं. त्यांच्या मते भुलीची औषधं सूक्ष्मनलिकांवरही काम करतात. बहुतेक शास्त्रज्ञ मात्र भुलीचं स्पष्टीकरण चेतापेशींच्या पटलावरच्या ग्राहींमध्ये, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनांमध्ये शोधतात.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजमधल्या संशोधकांनी उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट धरून ठेवणारं एक औषध दिलं आणि मग भुलीचा वायू दिला. असे उंदीर सरासरी ६९ सेकंद उशिरा बेशुद्ध झाले. उंदीर बेशुद्ध झाला हे कसं ओळखलं? पाठीवर उताणा केला तर तो सुलटा होतो का, यावरून. म्हणजे प्रयोगात मोजली गेली ती शुद्ध. त्यावरून अनुमान निघतं ते जाणिवेबद्दल. दोन्हीला एकच शब्द वापरला की मधली दरी दिसत नाही. मराठीत ती लख्ख दिसते. म्हणून प्रयोग सांगताना 'शुद्ध' म्हणा आणि दावा सांगताना 'जाणीव' म्हणा. श्रोते आपोआप विचारतील, "पण शुद्धीवरून जाणिवेवर कसे गेलात?" तोच प्रश्न विचारला जायला हवा.

मुलीच्या 'चेतना'बद्दल. शब्द देखणा आहे, धातू 'चित्'. पण शाळेच्या जीवशास्त्रात तो आधीच कामाला लागला आहे. सजीवांचं लक्षण म्हणून आपण 'चेतनाक्षमता' शिकवतो, आणि लाजाळूची पानं मिटतात ते तिचं उदाहरण. गंमत म्हणजे लाजाळूलाही भूल चढते. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ईथर देऊन ते दाखवलं होतं. सूक्ष्मनलिका लाजाळूत आहेत, आपल्या यकृतातही आहेत. तेव्हा 'चेतना' म्हटलं की लाजाळूही सिद्धांताच्या आत येऊन बसतं. 'संज्ञा' हा जुना शब्द साहित्यसमीक्षेत 'संज्ञाप्रवाह' म्हणून टिकला, एरवी आज संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द.

'चैतन्य' मला का नको? वर्तमानपत्रात 'दिवाळीनिमित्त मेन रोडवर चैतन्य' असं छापून येतं, तिथे अर्थ उत्साह. आणि वेदान्तात चैतन्य म्हणजे सर्वत्र भरलेलं एक तत्त्व, ज्याला अनेकवचन नाही. क्वांटम भौतिकीच्या जनकांपैकी एक असलेल्या श्रोडिंगर यांनी १९४४ च्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी जवळपास हेच म्हटलं, की या गोष्टीचं अनेकवचन अनुभवाला येत नाही. उपनिषदांचा प्रभाव त्यांच्यावर होताच. त्यांच्याबद्दल बोलाल तेव्हा 'चैतन्य' अगदी चपखल. पण पेनरोझ-हॅमरॉफ एका डोक्यातल्या, सुरू होणाऱ्या आणि भुलीनं थांबणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतात. तिथे अनेकवचन घेणारी 'जाणीव'च हवी. 'पुंजचैतन्य' छापलं तर भौतिकशास्त्रानं ब्रह्म सिद्ध केलं असं समजून लोक येतील. वेदान्ताबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्याला न मागितलेला पुरावा त्याच्या गळ्यात घालू नये असं वाटतं.

शिवाय 'जाणीव' आपल्या जिल्ह्याच्या कानावरची आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत हरिपाठ होतो, त्यात ज्ञानदेवांची 'जाणीव नेणीव' ही जोडी येतेच. पुढे मानसशास्त्रानं 'नेणीव' उचलली. म्हणजे विरुद्धार्थी शब्दही तयार आहे.

भाषणात आणखी एका शब्दाला जपा: 'निरीक्षक'. मराठीत निरीक्षक म्हटला की माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि माणसानं पाहिलं म्हणून कणाची अवस्था ठरली, असा समज होतो. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये खरोखरच तसं मांडलं होतं, पण पुढे त्यांनीच ते मत सोडलं. उपकरणानं नोंद घेतली तरी पुरतं, म्हणून 'मापन' म्हणा. पेनरोझ तर निरीक्षक लागतच नाही म्हणतात. त्यांच्या सिद्धांताच्या 'ऑर्केस्ट्रेटेड ऑब्जेक्टिव्ह रिडक्शन' या नावातला 'ऑब्जेक्टिव्ह' याच अर्थाचा आहे. त्याला 'वस्तुनिष्ठ' म्हटलं तर 'निःपक्षपाती' असं ऐकू येईल. वर मी 'आपसूक' लिहिलं ते त्यासाठीच.

आक्षेपही सांगालच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब मांडला, की मेंदूच्या उबेत अनेक शक्यता एकत्र नांदण्याची अशी नाजूक अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकेल, आणि चेतापेशींचं काम चालतं मिलिसेकंदांत. हॅमरॉफ आणि सहकाऱ्यांनी वेगळी गृहीतकं धरून त्याहून बराच मोठा काळ काढला. वाद मिटलेला नाही.

राहिला 'पुंज'. पुंजभौतिकी हा परिभाषेतला रीतसर शब्द, पण कट्ट्यावर 'तारकापुंज' आठवतील. एकदा ओळख करून द्या आणि पुढे 'क्वांटम'च म्हणा. पत्रकासाठी मी सुचवेन: 'जाणिवेचा उगम क्वांटम भौतिकीत आहे का? पेनरोझ-हॅमरॉफ यांची कल्पना आणि तिच्यावरचे आक्षेप'. मुद्रितं तपासताना एवढं पाहा: 'जाणीव' लिहिताना णी दीर्घ, पण सामान्यरूपात ऱ्हस्व. 'जाणीवेचा' नव्हे, 'जाणिवेचा'.