म्हातारीचा आणि राजाचा सोमवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

चौथीच्या मुलांना गोष्ट लिहायला सांगितली की सगळ्या वह्यांत तीच ती गोष्ट निघते आणि तात्पर्य तेवढं ठसठशीत अक्षरात असतं, असं तू लिहिलंस. यात मुलांचा दोष नाही. परिपाठाला रोज बोधकथा ऐकणाऱ्या मुलाला गोष्ट तात्पर्यासाठीच असते असं वाटणारच. तेव्हा हे सत्र संपेपर्यंत तात्पर्य विचारणं बंद कर.

त्याऐवजी एकच गोष्ट घे आणि तिच्यात मुरू दे मुलांना. मी श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सुचवीन. पुस्तक न उघडता, समोर बसून सांग. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की वर्ग आपोआप गप्प होतो. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. तो गावातलं सगळं दूध देवळात आणायला लावतो. लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत. गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरातल्यांना खाऊ घालते, गाईवासरांना चारा घालते आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. गाभारा भरतो.

इथं थांब. का भरला, हे विचारू नकोस. त्याचं उत्तर मुलं तुला आवडेल तेच देतील. विचार की म्हातारी नेमकी कधी आली? सगळ्यांच्या शेवटी. ती पहिली आली असती तर? मुलं पटकन सांगतील, ‘मग कुणाच्या दुधानं भरला ते कळलंच नसतं.’ घटनांचा क्रम म्हणजे काय, हे त्यांना व्याख्येवाचून समजेल.

आता लिहिणं. पूर्ण कहाणी लिहून घेऊ नकोस. कहाणी घाईनं ओलांडून जाते अशा जागा दे. गाभारा कुणामुळे भरतो हे पाहायला तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पहाऱ्याला बसतो. तिथं बसून त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं? किंवा त्या सकाळी दूध न मिळालेल्या एका घरातलं पोर. पाच-सहा वाक्यं पुरेत. ज्यांच्या घरी गोठा आहे ती मुलं दावणीला हंबरणारं वासरू असं लिहितील, की तुला नि मला तसं साधणार नाही. ती घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर म्हातारीलाही तसंच बोलू दे. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन तर मुळीच नको. शुद्धलेखन महत्त्वाचंच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी.

पहिली-दुसरीला भोपळ्यातली म्हातारी पुरते. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ हे वचन ती वाटेत भेटेल त्या जनावराला देते, म्हणून परतीची वाट अवघड होते. जाताना घातलेली गाठ येताना सुटते, हे मुलं बोटानं दाखवू शकतात. ‘भोपळा वाटेत फुटला तर?’ एवढंच विचार आणि चित्र काढू दे.

सातवीला पंचतंत्रातला ‘मित्रभेद’ घे. त्यातला दमनक नावाचा कोल्हा प्रत्येक गोष्ट कुणाचं तरी मन वळवायला सांगतो. कोण सांगतंय, कुणाला, कशासाठी, हे तीन प्रश्न तिथं फार कामाचे.

आपल्या भाषेत याला जुना आधारही आहे. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या जुन्या मराठी ग्रंथात 114 दृष्टांत आहेत. सूत्र म्हणजे मूळ वचन वेगळं, दृष्टांत म्हणजे गोष्ट वेगळी, दार्ष्टांतिक म्हणजे गोष्टीचा अर्थ वेगळा. म्हणजे गोष्ट आणि तिचा अर्थ यांच्या जागा तेव्हाही निराळ्या ठेवल्या होत्या. तू वर्गात सध्या फक्त मधला भाग, म्हणजे गोष्ट, घे.

आणखी एक काम लगेच कर. प्रत्येक मुलाला घरी आजीकडून किंवा शेजारच्या म्हातारीकडून चिऊ-काऊची गोष्ट ऐकून यायला सांग. कुणाची चिऊ दार लवकर उघडेल, कुणाची उघडणारच नाही. हे फरक फळ्यावर मांड आणि कुठला शेवट का पटतो यावर मुलांना भांडू दे. त्या भांडणातली वाक्यं उतरवून मला पाठव.

तुझी,
बाई