“मॅडम, हा आकडा वाढवता येईल का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडिलांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. रक्ततपासणी, बीडीएनएफ नावाच्या ग्रोथ फॅक्टरची. आकड्याभोवती लाल पेनाचं वेटोळं. साडेतीन वर्षांचा मुलगा सतरंजीवर बाटल्यांची झाकणं ओळीत लावत होता. ऑटिझमचं निदान होऊन दोन महिने झालेले. ‘ग्रोथ फॅक्टर कमी आहे, इंजेक्शनांनी भरून काढू,’ असं एका क्लिनिकमध्ये सांगितलं होतं आणि हे एफडी मोडायला निघाले होते.

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाचव्या महिन्यापर्यंत माझ्या पोटात काही ठरत नव्हतं. त्यानेच कमी पडलं का हो?”

खरा प्रश्न हा होता. त्या लाल वेटोळ्याचा मला राग आला, तो यासाठीच.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचा, तगून राहायचा निरोप देणारी प्रथिनं. त्यांच्या शोधाला १९८६ चं नोबेल मिळालंय. ऑटिझमशी त्यांचा संबंध शोधणं चालू आहे, तेही उगाच नाही. पण रक्तातलं बीडीएनएफ बरंचसं प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं, रक्त गोठताना सुटतं. म्हणून नमुना कसा हाताळला यावरही आकडा हलतो. गंमत म्हणजे बऱ्याच अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांची सरासरी जास्तच निघालीय! या आकड्यावरून निदानही होत नाही आणि आईच्या उलट्यांचा हिशेब तर नाहीच नाही. हे मी तिच्याकडे बघून दोनदा सांगितलं.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. “पण अमेरिकेत औषध आलंय ना?” आलंय. ट्रोफिनेटाइड, २०२३ मध्ये मंजूर झालेलं, आयजीएफ-१ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरच्या एका तुकड्यावरून बेतलेलं. पण ते रेट सिंड्रोमसाठी, तो जनुकीय आजार वेगळा. तुमच्या मुलाला तो नाही. एफडी राहू द्या, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला पैसे लागणारच आहेत.

“मग आज घरी जाऊन करू काय?” आईने विचारलं.

मी तिला खाली बसवलं. एक झाकण मुठीत धरायला लावलं. “तो स्वतः मागेपर्यंत थांबा. बोलू नका.”

मुलाने ओळ पाहिली, सतरंजी चाचपली. बराच वेळ गेला. मग त्याने आईचं मनगट धरून ओढलं आणि क्षणभर वर पाहिलं. तिने झाकण दिलं आणि न सांगता दुसरं मुठीत घेतलं.