एकल मालकीचा व्यवसाय सांभाळून विधानसभेला अपक्ष उभे राहताना

आपली फर्निचरची छोटी कार्यशाळा आहे, राज्य शासनाच्या एका कार्यालयाच्या टेबल-खुर्च्यांचे काम हाती आहे, आणि महाराष्ट्र विधानसभेसाठी अपक्ष अर्ज भरण्यापूर्वी व्यवसाय बंद करावा लागेल का, असे आपण विचारले आहे. व्यवसाय बंद करण्याची गरज नाही. हातातल्या शासकीय कामाचा निकाल मात्र अर्जाच्या छाननीपूर्वी लागला पाहिजे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९अ नुसार, राज्य शासनाला माल पुरवण्याचा किंवा शासनाचे बांधकामासारखे काम करण्याचा करार स्वतःच्या व्यवसायाच्या ओघात केलेली व्यक्ती तो करार चालू असेपर्यंत विधानसभेसाठी अपात्र ठरते. मात्र आपण आपल्या बाजूचे काम पूर्ण केले असेल आणि केवळ शासनाकडून बिलाचे पैसे येणे बाकी असेल, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असे धरले जात नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणून थकलेल्या बिलाची चिंता करण्याऐवजी शेवटची खुर्ची पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला हाती घ्यावा. करारात पुढील देखभालीची अट असेल, तर ती वकिलाला दाखवल्याशिवाय अर्ज भरू नये. काम कागदोपत्री पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर फिरवण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. मला तो धोक्याचा वाटतो, कारण पत्नीचे शासकीय करारही अर्जासोबतच्या शपथपत्रात दाखवावे लागतात आणि विरोधी उमेदवाराचा वकील नेमके तेच पान उघडतो.

व्यावसायिकाची खरी कसोटी नमुना २६ मधील याच शपथपत्रात असते. त्यात स्वतःची, पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, मागील ५ वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न आणि जीएसटीसह शासकीय देणी लिहावी लागतात, आणि ते सर्वांना पाहण्यासाठी खुले असते. एकल मालकीत दुकानाचे कर्ज हे मालकाचेच कर्ज असते. मित्राकडून तोंडी घेतलेले उसने पैसेही त्यातच येतात. बँकेचे कर्ज थकले म्हणून कोणी अपात्र होत नाही. न्यायालयाने दिवाळखोर ठरवून त्यातून मुक्तता झालेली नसेल, तरच होतो. एकही रकाना कोरा ठेवू नये, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. कोरे रकाने दाखवून देऊनही भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय आहे.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. वय किमान २५ वर्षे, राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव, अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००), आणि अपक्षासाठी त्याच मतदारसंघातील १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणारे मतदार. सूचकांचे यादीभाग आणि अनुक्रमांक आधीच पडताळून घ्यावेत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते, आणि बहुतेक अपक्षांची होतेच, तेव्हा ती रक्कम खर्चातच धरून चालावे.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. आपल्यासारख्याला ती ओलांडण्याची भीती फारशी नसते. खरी अडचण दुकानाचा गल्ला आणि प्रचाराचा पैसा एकत्र होण्याची असते. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सारा खर्च त्यातूनच करावा लागतो. दुकानाचा टेम्पो प्रचाराला फिरला, कामगारांनी मंडप उभारला किंवा कार्यशाळेतली फळी फलकासाठी वापरली, तर पैसे दिले नाहीत तरी त्यांची बाजारभावाने किंमत हिशेबात दाखवावी. त्या काळात गिऱ्हाइकांची उधारी माफ करण्याचा मोह टाळावा. मतदाराला दिलेला लाभ म्हणून त्याकडे पाहिले गेल्यास लाचेचा आरोप ओढवेल.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. हरलेला उमेदवार इथे हमखास ढिला पडतो, आणि सबळ कारणाशिवाय हिशेब न दिल्यास निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या लेखापालाशी या कामाचे बोलणे अर्ज भरण्यापूर्वीच करून ठेवावे.