जुन्या वाड्यांच्या दारावरची सिंहमुखी कडी, फुलांचे खिळे यांना काही प्राचीन अर्थ असतो की ती नुसती शोभा?

अर्थ असतो. नुसती शोभा म्हणणारा एक जण आमच्याच घरात आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचा वाडा पैठणच्या जुन्या गावात. वाटण्या झाल्या तेव्हा दर्शनी बाजू चुलतभावाला गेली. त्यानं सागवानी दार काढून शटर बसवलं आणि सिंहाच्या तोंडातली पितळी कडी मोडीत घातली, किलोच्या भावानं. त्याच कडीला आजी दर दसऱ्याला हळदकुंकू लावायची. मी भांडलो तर म्हणे, "कडीत काय देव बसलाय?"

देव नाही बसत, राखणदार बसतो. जालंधर राक्षसाचा निरोप घेऊन राहू शंकराकडे आला, तेव्हा शंकराच्या कोपातून एक भुकेलं भूत निघालं. राहू शरण आला, सुटला. आता या भुतानं खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. उरलं फक्त तोंड. तेच कीर्तिमुख, आणि दारावर बसायचा मान त्याचा. वेरूळला गेलात की दगडात बघून घ्या. तिथंच कैलास लेण्यात शिरताना समोर कमळांत गजलक्ष्मी आहे; दारावरचं कमळही तिचंच.

खिळ्यांचं म्हणाल तर देवगिरीच्या दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक अडवायला होते. आमच्या बोळात हत्ती कशाला मरायला येतोय! वाड्याचे खिळे फळ्यांना मागच्या आडव्या पट्ट्यांशी धरून ठेवतात, म्हणून ते ओळीनं असतात. वर पितळी फूल बसवलं की झाला दागिना.

तर तीन वर्षांनी संभाजीनगरात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती कडी दिसली. खालचा सुळा तुटलेला. लहानपणी मीच तिला शेळी बांधली होती, तेव्हाचा. दुकानदार म्हणाला, "राजस्थानी आहे साहेब, चौदा हजार." घासाघीस करून नऊला आणली. भावाला मोडीत सहाशे मिळाले होते. तुमच्या घरी असलं दार असेल तर वाटणीच्या कागदावर कडी-कोयंड्यासकट लिहून घ्या.

एक मात्र आहे. प्रत्येक सिंह कीर्तिमुख नसतो. तोंडात कडी धरलेला सिंह रोमन दारांवर होता, चीनमध्येही आहे. कीर्तिमुखाला बहुधा खालचा जबडा नसतो. आमच्याला आहे, तुटक्या सुळ्यासकट. हे मी चुलतभावाला अजून सांगितलेलं नाही.