शेवटच्या बाकावरच्या डुलक्या

प्रश्न: ताई, मी बीएडच्या पहिल्या वर्षाला आहे. शिक्षणाच्या समाजशास्त्रात 'समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती' असा टॉपिक आहे. शास्त्राला पुरावा लागतो ना, मग त्यात कल्पनाशक्ती कशाला? आणि वर्गात तिचा उपयोग काय?
– एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर: अगं, इथे कल्पनाशक्ती म्हणजे मनाचे मांडे नाहीत. समोर एक पोर बसलंय, तर त्याचं घर, गल्ली, आईबापाची कमाई, सरकारचे निर्णय हे सगळं त्याच्यासोबत डोळ्यापुढे आणता येणं. अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये हे मांडलं. त्यांचं उदाहरण पेपरात लिहीच: लाखभर वस्तीच्या शहरात एकालाच काम नसेल तर त्याचा स्वभाव, कौशल्य बघा, पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काय हाती लागणार?

मी घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीजवळ सातवीला शिकवायचे, तिथे एक मुलगा पहिल्या तासालाच डुलक्या घ्यायचा. दोन महिने मी त्याला आळशी म्हणत राहिले, वहीवर लाल पेनने तसं लिहिलं पण, ते अजून टोचतं मला. मग एकदा हजेरीपट घेऊन बसले तर उशिरा येणारी, पेंगणारी पोरं सगळी वरच्या एकाच गल्लीतली निघाली. तिथे पाणी पहाटे चारला यायचं, आया तोवर कामाला निघायच्या आणि हंडे, कॅन पोरंच भरायची. पुरावा हजेरीपटातच होता गं, पण तिथे बघावं हे सुचायला दोन महिने गेले. पहिल्या तासाचं गणित मी चौथ्या तासाला नेलं, पाण्याची वेळ काही मला बदलता आली नाही.

आणि हे फक्त परदेशी डोक्यातून आलंय असं समजू नकोस. जोतीराव फुल्यांचं १८८२ मधलं हंटर कमिशनपुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, निवेदन मिळवून वाच. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, असं त्यांनी सरळ सांगितलं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारे. तेव्हाचे मास्तर बहुतेक सगळे ब्राह्मण, हे पण त्यांनीच तिथे नोंदवलंय, म्हणजे शाळेत कुठे दिसत नसलेला मास्तर त्यांना आधी मनात दिसला. मला तर मिल्सपेक्षा हे जास्त भिडतं.

इंटर्नशिपला गेलीस की एकदा मुलांच्या गल्लीतून चालून ये, आणि पाणी किती वाजता येतं ते विचार.