भ्रष्टाचारविरोधी कायद्यात एलएलएमसाठी शिष्यवृत्ती मिळते का?

तुम्ही जिल्हा न्यायालयात वकिली करता आणि भ्रष्टाचारविरोधी कायद्यात परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायची आहे, पण पदरचे पैसे नाहीत, असं लिहिलंय. मिळते, नक्की अर्ज करा. फक्त याच विषयाच्या नावाची शिष्यवृत्ती शोधत बसू नका. सर्वसाधारण शिष्यवृत्ती घ्या आणि विषय आपला निवडा.

माझ्या मते ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सर्वांत सोयीची. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं त्यात येतं. पदवी आणि 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची वकिली. शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ससेक्स विद्यापीठात भ्रष्टाचाराच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्रच आहे, तिथले अभ्यासक्रम आधी पाहा. ऑस्ट्रियात लॅक्सेनबुर्गला आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी अकादमीही आहे.

खरी मेहनत अर्जातल्या निबंधांवर घ्या. ‘देशसेवा करायची आहे’ असं सगळेच लिहितात. तुम्ही लाच घेताना पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्याच्या खटल्यांबद्दल लिहा: नोटांना फिनॉल्फ्थॅलिन (सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारी पूड) लावलेलं, आरोपीची बोटं सोड्याच्या पाण्यात गुलाबी झालेली, पंचनामा चोख, आणि साक्षीच्या वेळी फिर्यादीच उलटतो. मग लाचेची मागणी झाली होती, हे सिद्ध कसं करायचं? नीरज दत्ता खटल्यात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही ती सिद्ध होऊ शकते. इतर देश हा पेच कसा सोडवतात, हे शिकायला जायचंय असं मांडा. असा अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. इंग्रजी कच्चं वाटत असेल तर मसुदा आधी मराठीत लिहून काढा.